नजर धरणारीचा वसा

ऐक खडपाई, तुझी कहाणी. दर्याच्या काठी एक आटपाट गाव होतं. गावाच्या पायाशी काळं खडप होतं, पाण्यात उतरलेला कातळच तो. तिथं गोमाजी नावाचा गरीब माणूस राही. त्याला बायको होती, बायजा. दोन लहान मुली होत्या. होडी नव्हती, जाळं नव्हतं. खडपावर बसावं, गरी टाकावी, मिळेल तो मासा घरी आणावा, असा त्यांचा संसार चाले.

त्या गावची एक रीत होती. आषाढात दर्या खवळला, होड्या वर ओढल्या, की घरातल्या बाईनं नजर धरण्याचा वसा घ्यावा. पुरुषानं खाली कपारीशी बसावं, त्याचं लक्ष दोरीत. बाईनं वरच्या दगडावर उभं राहावं, तिचं लक्ष पाण्यात. हातात गरी घेऊ नये. पाण्यावरची नजर काढू नये. मोठी लाट उठली की तीनदा हाळी द्यावी. नारळी पुनवेला खडप राखणाऱ्या खडपाईची ओटी भरावी, मग वसा उतरवावा.

बायजानं वसा घेतला. पहिल्या दिवशी दोन मासे मिळाले. दुसऱ्या दिवशी एक मिळाला. तिसऱ्या दिवसापासून काहीच नाही. असे आठ दिवस गेले. चूल पेटेना. धाकटी विचारी, "आये, आज तरी जेवायचं का गं?" बायजाचा जीव तुटला. तिच्या मनात आलं, दोन गऱ्या टाकल्या तर एकीला तरी मासा लागेल. मग काय केलं? एक दोरी पदराखाली लपवली, खडपावर गेली, आपल्या दगडावरून गुपचूप पाण्यात सोडली.

गोमाजीनं खालून विचारलं, "बायजा, पाणी कसं आहे गं?" तिनं पाहिलं, म्हणाली, "निवांत आहे." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "बायजा, पाणी कसं आहे गं?" तिनं पाहिलं न पाहिलं केलं, म्हणाली, "निवांत आहे." इतक्यात तिच्या दोरीला ओढ लागली. मोठी तांबोशी होती. तिसऱ्यांदा आवाज आला, "बायजा, पाणी कसं आहे गं?" ती दोरी ओढता ओढता म्हणाली, "निवांत आहे, बसा."

मासा वर आला, तशी लाटही वर आली. लाट गेली, खडप धुऊन गेली. कपारीशी कोणी नव्हतं.

बायजानं हाका मारल्या. लोक धावले, तिनं घडलं ते सांगितलं. दिवस मावळेपर्यंत शोधलं. माणूस नाही, मुंडासं नाही, काही नाही. मग ती घरी आली. मासा हातात तसाच होता. पोरींनी टाळ्या पिटल्या. तिनं चिरला, शिजवला, वाढला. पोरी पोटभर जेवल्या. थोरली म्हणाली, "आये, बाबांना डोक्याचा तुकडा ठेवू ना?"

दुसऱ्या दिवशी ती खडपावर गेली, "माझा माणूस दे" म्हणाली. दर्या बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गेली, दर्या बोलला नाही. चौथ्या दिवशी गेली. तिथं एक म्हातारी कालवं फोडत बसली होती. ती खडपाई होती. बायजानं ओळखलं, पाय धरले.

"आई, माझा माणूस दे."

"तो माझ्या हातात नाही गं. राखणं माझ्या हातात आहे, परत आणणं नाही."

"मग मी काय करू?"

"टाकलेला वसा पुन्हा घे. नजर धर."

"कुणासाठी धरू? माझं माणूस तर गेलं."

"खडपावर बसेल त्याच्यासाठी."

"त्याचं फळ मला काय?"

"तुला काही नाही," म्हातारी म्हणाली, आणि कालवं फोडू लागली.

बायजा खूप रडली. मग उठली आणि दगडावर उभी राहिली. गावचे लोक येत, बसत, गरी टाकत. त्यांत भिवा नावाचा एक तोंडाळ माणूस होता. तो म्हणे, "घोवाला बुडवलं, आता आमच्या राखणीला आली! वैनी, पाणी निवांत आहे ना?" सगळे हसत. बायजा ऐकून घेई. नारळी पुनव आली, बायकांनी वसे उतरवले. हिनं उतरवला नाही. ऊन म्हटलं नाही, वारा म्हटला नाही. असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं.

तिसऱ्या वर्षी दर्या तेलासारखा होता. बायजाला लांब एक काळी रेघ दिसली. तिनं हाळी दिली. भिवा हसला. तिनं दुसरी हाळी दिली. तो म्हणाला, "मासा लागलाय, गप गं!" मग ती घसा फाटेपर्यंत ओरडली, "भिवा, मलाही लागला होता रे!"

भिवानं दोरी टाकली, वर पळाला. लाट आली, कपार पुसून गेली.

संध्याकाळी भिवाची बायको खडपावर आली, बायजाच्या पायांवर पडली. "वैनी, माझं कुंकू राखलंस." बायजा म्हणाली, "तुझं राहिलं गं बाई." तिचे डोळे भरून आले. पण अजून दोघे खाली बसले होते. म्हणून डोळे पुसायलाही तिनं नजर काढली नाही.

गोमाजी परत आला नाही. त्या खडपावरून पुन्हा कोणी वाहूनही गेलं नाही.

खडपाई, तिला दिलं नाहीस ते आम्हांला दे. गेलेलं माणूस दिवेलागणीला उंबऱ्यात येऊ दे. साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरांत सांगितली, तुझ्या पायी वाहिली. तिला सुफळ झाली नाही, ऐकणारींना होवो. इथं संपूर्ण.