मावशीकडचा दाणा

खूप वर्षांपूर्वी एका वारुळाच्या दारावर चिमी मुंगी पहारा द्यायची. आत चार महिन्यांची बेगमी होती. एक कीड शिरली असती, तर सगळ्याचं पीठ झालं असतं.

एकदा पलीकडच्या वारुळातून मावशीने ज्वारीचा टपोरा दाणा पाठवला.

"दाराबाहेरच फोडा," चिमी दाणा ओढत आणणाऱ्या मुंग्यांना म्हणाली.

"अगं, मावशीचा वास येतोय त्याला! आता तिच्यावरही संशय?" त्यातली एक म्हणाली.

"मावशीवर नाही गं, दाण्यावर. तिने तरी कुठे आत डोकावून पाहिलंय?"

दमलेल्या मुंग्यांनी कुरकुरत दाणा फोडला. आतून सोंडकिडा तुरुतुरु बाहेर आला आणि गवतात पळाला.

कोठाराकडे बघत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"बसलात काय?" चिमी ओरडली. "पळा, मावशीला सांगा! तिचं कोठार अजून वाचेल."