तिसऱ्या दाराचे जेवण

अमेरिकेत एरी सरोवराकाठच्या एका शहरात सिसिलीहून आलेल्या लोकांची जुनी गल्ली आहे. तिथल्या रोझालियाच्या बेकरीला एकोणीस मार्चला, संत योसेफाच्या सणाला, आतून कडी लावत नाहीत. दार वाजवील त्याला नाव-गाव न विचारता मुख्य खुर्चीवर बसवतात. असे का, ते गल्लीतला म्हातारा न्हावी पास्क्वाले गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून पाहुण्यांना सांगतो.

तो दारूबंदीचा काळ होता. शहरावर डॉन नुन्झिओची सत्ता होती. पोरवयात बोटीतून अनवाणी उतरलेला हा माणूस आधी बर्फ विकायचा, मग चोरटी दारू विकू लागला, आणि पुढे त्याच्या शब्दाशिवाय गल्लीतले पान हलेनासे झाले. विधवा रोझालियाला त्याने निरोप धाडला, की तुझ्या पावाच्या गाडीतून माझी दारू जाईल. ती नाही म्हणाली. झाले! तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवील त्याची गाठ माझ्याशी आहे, असे त्याने घरोघर कळवले.

नेमकी त्याच हिवाळ्यात तिची मुलगी नेल्ला तापाने फणफणली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा रोझालिया संत योसेफाला नवस बोलली : पोर उठू दे, तुझ्या सणाला तुला जेवू घालीन. पोर उठली. आता या लोकांची रीत अशी, की एखादा गरीब माणूस योसेफ होऊन तीन दारे वाजवतो. दोन दारे त्याला परत पाठवतात, तिसरे आत घेते. त्याने घास घेतल्याशिवाय नवस फिटत नाही.

सणाच्या दिवशी रोझालियाने टेबल मांडले. योसेफ सुतार, म्हणून लाकडाच्या भुशाची खूण म्हणून पास्त्यावर पावाचा चुरा भुरभुरला. दुपार झाली तरी कोणी फिरकेना. योसेफ व्हायला कबूल झालेला म्हाताराही भीतीने घरात दडून बसला. पण नवस राहिला तर ताप परत येईल, म्हणून तिने टेबल आवरले नाही.

तेवढ्यात दारावर काठी वाजली. आपला हुकूम पाळला जातो का, ते पाहायला डॉन स्वतः आला होता. रोझालियाने रीतीप्रमाणे आतूनच विचारले, "कोण आहे?"

"येशू, मरिया आणि योसेफ," डॉन म्हणाला.

असे सांगतात, की हे शब्द त्याच्या तोंडून सवयीने निघून गेले. सिसिलीत लहान असताना, गरिबाघरचा म्हणून, दरवर्षी या दिवशी त्याला दारोदार नेत आणि हेच उत्तर द्यायला लावत. बोलल्यावर त्याने जीभ चावली म्हणे. पण त्याची माणसे ऐकत होती, शब्द मागे कसा घेणार? दार उघडले. नेल्लाने त्याच्या हातावर पाणी घातले. तो टोपी काढून बसला.

"मीठ कमी आहे," पहिल्या घासाला तो पुटपुटला.

"योसेफ जेवणाला नावं ठेवत नाही. जेवा मुकाट्यानं," रोझालिया म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. नवस फिटला होता.

त्याने ताट पुसून खाल्ले. जाताना आपल्या माणसांना म्हणाला, "हे दार उघडं राहू द्या." संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली जेवून गेली. पुढे तो तुरुंगात मेला, तेव्हा त्याच्यासाठी मेणबत्ती लावणारी रोझालिया एकटीच होती.

"मग तो चांगला माणूस होता तर!" पाहुणे म्हणतात.

"छे! समोरच्या घरातल्या मार्तोरानांच्या आजोबांना त्यानंच मारलं," पास्क्वाले सांगतो.

आजही जेवणाआधी नेल्लाच्या घरचे लोक आभार मानतात, तेव्हा संत योसेफाच्या पाठोपाठ नुन्झिओचे नाव घेतात. त्या वेळी मार्तोरानांच्या घरचे लोक उठून बाहेर पायरीवर उभे राहतात. ही मुभा रोझालियानेच दिली. तिने त्यांचे हात धरून सांगितले होते, "पोर माझी वाचली, आभार मी मानते. तुम्ही मानू नका. पण उपाशी जाऊ नका." नाव घेऊन झाले की त्यांना आत बोलावतात आणि योसेफानंतरचे पहिले ताट त्यांना वाढतात.