हैबतीची घोडी आणि तिसरा रांजण

फार पूर्वी एका गावात जत्रेच्या दिवशी घोड्यांची शर्यत होत असे. माळावर पाण्याने काठोकाठ भरलेले तीन रांजण ठेवत. स्वाराने प्रत्येक रांजणाला अगदी जवळून वळसा घालून माघारी यायचं. रांजणाला धक्का लागला की स्वार बाद. ढोलाच्या सर्वांत कमी ठोक्यांत जो परतेल, तो जिंकला.

त्या गावात हैबती नावाचा एक माणूस होता. त्याने पाखरी नावाची एक शिंगी, म्हणजे तरणी घोडी, शर्यतीसाठी तयार करायला घेतली. आधी तो तिला नुसतं रांजणाजवळ नेऊन उभी करी. ती बुजली की मान थोपटून म्हणे, "राहू दे बाई, उद्या बघू." पुढे तो तिला रांजणाभोवती चालवू लागला, मग दुडक्या चालीने फिरवू लागला. तिला भरधाव सोडायला त्याने दोन पावसाळे जाऊ दिले. एकदाही तिच्यावर चाबूक उगारला नाही. गाव म्हणे, "सबुरी शिकावी तर हैबतीकडून."

पण घरात पाऊल टाकलं की हीच सबुरी कुठे जाई कोण जाणे. भाकरी करपली, पाणी आणायला उशीर झाला, की तो बायकोवर, भिवरावर, ओरडे आणि हातही उगारी. अंगणात बांधलेली पाखरी कान टवकारून ते सगळं बघत असे. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

जत्रेचा दिवस उजाडला. रिवाजाप्रमाणे स्वाराच्या घरच्यांनीच रांजण भरायचे होते. भिवराने दोन रांजण भरले. तिसऱ्यात ती शेवटची घागर ओतत होती, तोच घाईने ढोल वाजला आणि पाखरी सुटली.

पहिला वळसा तिने असा घेतला की लोक बघतच राहिले. दुसऱ्या रांजणातलं पाणीसुद्धा हललं नाही. तिसऱ्याजवळ भिवरा रिकामी घागर घेऊन लगबगीने बाजूला होत होती. हैबतीचं डोकं फिरलं. "अगं ए, मरायला उभी राहिलीस का तिथं!" असं ओरडत त्याने खोगिरावरूनच हात उगारला.

पाखरी जागच्या जागी थांबली. चारी पाय जमिनीत रोवून ती थरथरू लागली. हैबती तिच्या मानेवरून उडून रांजणावर आदळला. रांजण फुटला. ढोल बंद पडला.

हैबती चिखलात बसून घोडीकडे बघत राहिला. "मी हिला कधी बोटसुद्धा लावलं नाही," तो पुटपुटला. "मग ही कुणाला भ्यायली?"

भिवरा धावत आली. उठायला आधार हवा म्हणून हैबतीने तिच्याकडे हात वर केला. तशी ती दचकून मागे सरली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

साऱ्या गावाने ते पाहिलं.

"भिवरा," हैबती म्हणाला. "अगं, मी मारत नव्हतो. हात मागत होतो."

"मला काय ठाऊक," ती तोंडावरचे हात न काढता म्हणाली. "तुमचा हात वर गेला, एवढंच दिसलं."

हैबतीचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्याने तो हळूच खाली घेतला आणि तो आपला आपण उठला.

त्या दिवसानंतर त्याने घरात कधी आवाज चढवला नाही. पाखरी पुढच्या जत्रेपर्यंत पुन्हा रांजणाजवळ येऊ लागली. भिवराला मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ लागला. हैबतीने तोही जाऊ दिला.

तात्पर्य: गोंजारणारा हात आणि उगारलेला हात एकच असतो, पाहणाऱ्याच्या मनात मात्र उगारलेलाच राहतो.