देवाला हुडहुडी भरते

भाविकहो, श्रीपडवीमहाराजांना गादीवर बसलेले कधी कोणी पाहिले नाही. कुरणवाडीच्या केशवराज मंदिराची पडवी हेच त्यांचे घर, म्हणूनच हे नाव पडले. तिथले पुजारी नरहरभट. पूजेत काडीचीही चूक नाही. पण ताठा असा, की देवही यांना विचारूनच कूस बदलत असावेत!

गावाच्या कडेला ठकूबाई नावाची कोष्टीण राहत असे. विधवा, मागेपुढे कोणी नाही. त्या वर्षी तिला हिवतापाने असे पछाडले, की घोटभर पाणी उतरेना. शेजारणींनीही भीतीने तिचे दार टाळले. महाराज तेवढे जाऊन पेज पाजत. ती म्हणे, "ताप ऱ्हाऊ द्या म्हाराज, पन देवानं येकदा उशाशी बसावं. येकटीनं मरायचं भ्या वाटतंय."

भर दुपारी महाराज मंदिरात आले. म्हणाले, "भटजी, बाई शेवटच्या घटका मोजते आहे. उत्सवमूर्ती क्षणभर तिच्याकडे नेऊ या."

नैवेद्य आटोपला होता. रिवाजाप्रमाणे नरहरभटांनी पंचधातूची छोटी मूर्ती शेजघरात पलंगावर निजवून वर दुलई पांघरली होती. ते उसळले, "देव निजलेत! देव काय वैद्य आहेत, घरोघर नाडी बघत फिरायला? एका कोष्टिणीच्या तापापायी त्यांची झोप मोडू?"

"नका मोडू," महाराज शांतपणे म्हणाले. "जायचे असेल तर ते आपणहून जातील."

भटजी मोठ्याने हसले. शेजघराला कडी घालून त्यांनी दारालाच पाठ टेकली.

ऊन कलल्यावर त्यांनी घंटा वाजवून दार उघडले. दुलई दूर केली, मूर्तीला हात लावला आणि किंचाळून मागे सरले. मूर्ती पोळत होती! दुलई घामाने चिंब भिजली होती. सोवळ्यात काही चुकले, देव कोपले, असे वाटून त्यांनी थंडगार पाण्याची घागर ओतली. पुन्हा ओतली. आणि काय सांगावे! ती धातूची मूर्ती हुडहुडी भरल्यासारखी कुडकुडू लागली.

नरहरभट ओल्या सोवळ्यानिशी पडवीत धावले. "महाराज, देवाला... देवाला ताप आलाय!"

महाराजांचे डोळे भरून आले. "भटजी, हा ताप देवाचा नव्हे. ज्याचा आहे तिथे जाऊन बघा."

भटजी धावत ठकूबाईच्या झोपडीत शिरले. ती भिंतीला टेकून बसली होती. अंग गार, चेहरा टवटवीत. त्यांना पाहताच ती कासावीस झाली. "देव आत्ताच उठून गेलं, भटजी. दुपारभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसलं हुतं. जाताना त्यांचंच अंग भाजत हुतं. तुमी हितं कशापायी आलासा? त्यांच्या उशाशी कोन हाय?"

उशाशी कोणी नव्हते. तापाने फणफणलेल्या देवावर गार पाणी ओतून, त्याला तसाच टाकून भटजी आले होते! त्यांना हुंदका आवरेना. सोवळ्याचे भान न राहता त्यांनी ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले.

"माय, तूच चल," ते म्हणाले. "आजाऱ्याजवळ कसं बसतात, ते मला ठाऊक नाही."