कोरा पाइप

फार मागे एका कातार्‍याच्या दुकानात ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळापासून घडवलेले तंबाखूचे दोन पाइप शेजारी ठेवले होते. एक रोगणाने चकाकत होता, दुसरा कोराच होता.

"तुला विसरले वाटतं रे," चकचकीत पाइप हसला.

कोर्‍याला ते लागलं. कातारी आल्यावर धीर करून तो म्हणाला, "दादा, मलाही रोगण लावा ना. असा मला कोण नेईल?"

कातारी दचकलाच. "तुला रोगण? अरे, तुझ्या अंगावर लाकडातल्या खोटीचं एक भोक नाही. या सुंदर रेषा मी कशाला झाकू? या शेजारच्याची भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली, म्हणून वरून रोगण दिलं."

चकचकीत पाइप अगदी हळू म्हणाला, "दादा, मला भोकं आहेत?"