बिन्यामीनाचा उजवा हात

चिंचेखालचा हा दगडी घाणा तडकलेला आहे. त्यावर बसू नका; आमच्यातलं कोणी बसत नाही. आणि गावात 'बिन्यामीन' अशी हाक मारू नका, अर्धी आळी ओ देईल. या नावाचा अर्थ उजव्या हाताचा मुलगा. आमच्या सुरखाडीत तो अर्थ रक्तातून आला, असं सांगतात.

आम्ही इस्राएल लोक, धंद्याने तेली. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र वार, पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद, चूल बंद. गाव आम्हाला शनवार तेलीच म्हणे. समुद्रावरच्या लुटारूंना हे ठाऊक होतं. ते नेमके शनिवारी उतरले.

हसाजी तेल्याची बायको मिलका त्याच सकाळी बाळंत झाली होती. आरडाओरडा ऐकून हसाजीने दाराला अडसर घातला आणि प्रार्थनेला उभा राहिला. कोयता भिंतीवरच होता. शब्बाथाला हत्यार धरायचं नाही, असं तो समजून बसला. जीव वाचवायला देवाने कधीच मनाई केलेली नाही, पण भल्या माणसाची चूक अशीच असते.

दार फुटलं. पहिला भाला मिलकेच्या पोटात गेला. तेव्हा कुठे हसाजीने कोयता ओढला आणि भालेवाल्याचं नरडं चिरलं. दुसऱ्याला अंगणात रेटत नेऊन त्याचं डोकं घाण्यावर आपटलं. दगड तेव्हाच तडकला, म्हणे. तिसऱ्याच्या तलवारीने हसाजीचा उजवा हात मनगटापासून तोडला. हसाजी कोसळला; तो मेला असं समजून लुटारू तेलाच्या बुधल्यांकडे वळले. हसाजी सरपटत घरात गेला, मिलकेच्या पदराची चिंधी दातांनी मनगटाला आवळली, डाव्या हाताने मूल उचललं आणि खाडीच्या तिवरांत शिरला.

लुटारू गेल्यावर तो परतला, तेव्हा मिलकेत अजून धुगधुगी होती. तिने बाळाकडे पाहिलं. "बेनोनी," म्हणाली आणि गेली. बेनोनी म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. आमच्या शास्त्रातली राहेलही बाळंतपणात मरताना हेच म्हणाली होती; तिच्या नवऱ्याने मग त्या मुलाचं नाव बिन्यामीन ठेवलं.

आळीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "मरणारीचा शब्द मोडू नये, हसाजी."

"दुःख माझं हाय, बाय. पोराच्या गळ्यात कशाला बांधू?" हसाजी म्हणाला. "माझा उजवा हात गेला. आता ह्योच. बिन्यामीन."

आजही हे नाव ठेवताना आजी बाळाच्या कानात आधी हळूच 'बेनोनी' म्हणते, मिलकेचा मान म्हणून. मग बापाचा उजवा हात पाठीशी बांधतात आणि एकट्या डाव्या हातावर मूल देतात. भले भले बाप तेव्हा मूल छातीशी घट्ट दाबून धरतात. माझ्या थोरल्याच्या वेळी मीही धरलं. मूल पडेल की काय, ही भीती बापाला एकदा वाटल्याशिवाय आम्ही ते नाव मोठ्याने घेत नाही.