रैनूचे तीन दगड

फार वर्षांपूर्वी, म्हणजे ताडगट्ट्यात तरी ही गोष्ट अशीच सुरू करतात. मोजायला बसलात तर ती वर्षं तीससुद्धा भरायची नाहीत. पण माणूस एकदा गोष्टीत गेला की त्याची वर्षं कोण मोजतं? तर फार वर्षांपूर्वी, गडचिरोलीच्या जंगलात, नदी दोनदा ओलांडल्यावर लागणाऱ्या या माडिया गावात रैनू नावाचा मुलगा राहायचा आणि त्याची थोरली बहीण बुधरी. आईबाप तापानं गेले तेव्हा तो गुडघ्याएवढा होता. बुधरीनं त्याला वाढवलं, आणि वाढवताना तो तिचं एक ऐकेल तर शपथ.

ताडगट्ट्याची एक रीत आहे. नवा भात निघाला की पंडुमचा सण येतो, आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं पळसाच्या पानावर भात वाढल्याशिवाय त्या घरात कुणी घास घेत नाही. जो परगावी असेल त्याचं पान घरात उंबऱ्याशी ठेवायचं. जो मेला असेल त्याचं पान गावाबाहेर, त्याच्या नावानं उभ्या केलेल्या दगडाशी. जिवंत माणसाचं पान दगडाशी गेलं तर तो घरची वाट विसरतो, आणि मेलेल्याचं पान घरात राहिलं तर तो वर्षभर उपाशी फिरतो, असं म्हणतात. म्हणून घरातलं कोण जिवंत आहे आणि कोण नाही, हे बाईला नक्की ठाऊक असावं लागतं. बुधरीची सगळी गोष्ट एवढ्यावरच अडली.

सतरा वर्षांचा असताना रैनू तेंदूपानांच्या दिवसांत बंदूकवाल्या दादालोकांची गाणी ऐकायला गेला आणि त्यांच्यामागून चालू लागला. वाटेवरून ओरडून सांगितलं, "पंडुमले येतो, अक्का!" तो आला नाही. त्या पंडुमला नाही, पुढच्याही नाही. लाल झेंड्याच्या लोकांत तो चढत चढत तीन दलांचा मोठा झाला. तिथं त्याला दुसरं नाव मिळालं होतं, पण बुधरीनं ते कधी तोंडात घेतलं नाही, त्यामुळे गावालाही आता ते आठवत नाही.

मग गोष्टी येऊ लागल्या. गोळ्या त्याच्या अंगावरून चिंचोक्यांसारख्या घरंगळायच्या, असं म्हणतात. भरल्या नदीवरून तो चालत जायचा आणि पाय कोरडे राहायचे, असं म्हणतात. एकाच दुपारी तो चार गावांत जेवला, असंही म्हणतात. बुधरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "कोन म्हनते? आना त्याले माह्यापुढं," ती म्हणायची. "चार गावांत जेवते, आन माह्या घरी याले त्याचे पाय मोडले काय?"

मासाची गोष्ट निघाली की मात्र "असं म्हणतात" म्हणायला कुणी पुढे येत नाही. मासा हा याच गावचा माणूस. तहानेल्या पोलिसांना त्यानं झऱ्याची वाट दाखवली. रैनूच्या दलानं त्याला खबऱ्या ठरवलं आणि मोहाच्या झाडाखाली मारलं. मागे राहिली त्याची बायको देवे. ती बुधरीच्या शेजारच्याच घरात राहायची, आणि त्या दिवसापासून दोघींच्या अंगणांमध्ये एक काटेरी कुंपण उभं राहिलं. बुधरीनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

आता रैनूच्या मरणांकडे येऊ. पहिल्यांदा पोलिसांनी सांगितलं, चकमकीत मेला. बुधरी रडली, डुक्कर कापलं, गाव जेवलं, दगड उभा केला. पंडुमला ती त्याचं पान घेऊन दगडाशी गेली. वर्षभर त्या दगडांना कुणी शिवत नाही, फक्त त्या एका दिवशी हात लावायचा. तिनं हात टेकला, तर तीन हात खोल पुरलेला, मुरूम ठोकून बसवलेला तो दगड दातासारखा हलला! गावचा पुजारी, त्याला तिथं पेरमा म्हणतात, म्हणाला, "जित्या मानसाचा दगड जमीन धरत नाही, बाई." आणि खरंच, पुढच्या महिन्यात रैनू डोंगरापलीकडे कुणाला तरी दिसला. पुढच्या पंडुमला बुधरीनं पान परत उंबऱ्याशी नेलं.

दुसऱ्यांदा पेपरात आलं. पुन्हा रडणं, पुन्हा डुक्कर, पुन्हा दगड, आणि पंडुमला पुन्हा दगड हलतो. तिसऱ्यांदा तर दलातलाच एकजण येऊन सांगून गेला, साप चावला म्हणून. आता त्याच्याच माणसांवर तरी विश्वास ठेवावा की नाही? तिसरा दगडही हलला. गावात एकेका माणसाचा एकेक दगड आणि या पठ्ठ्याचे तीन, तेही जिवंतपणी.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बुधरी गावाबाहेर दगडांजवळ मोह वेचत होती आणि रैनू येऊन उभा राहिला. खांद्याला बंदूक, डोक्यात पांढरे केस. आपले तीन दगड बघून तो पोट धरून हसला आणि एकाला हात लावायला गेला. बुधरीनं टोपली खाली ठेवून त्याच्या हातावर चापट मारली.

"पंडुमबिगर शिवाचं नाही! लहानपनी शिकवलं ते बी इसरला काय?"

"अक्का, तू म्हातारी झाली."

"होईन नाही तं काय? तीनदा मेला तू. तीन डुकरं खाल्ली गावानं तुह्या नावानं. तुले एकदा धड मरता येत नाही, धड जगता येत नाही." मग तिनं आवाज उतरवला. "मासाले काहून मारलं?"

रैनू बंदुकीचा पट्टा नीट करत राहिला. "दलानं ठरवलं."

"दल कोनाचं? माहं हाय काय?"

रैनूनं पट्टा सोडला आणि म्हणाला, "चुकलं. पंडुमले येतो. देवेच्या दारात जातो, तिले तोंडानं सांगतो."

"तुह्या येण्यावर माहा भरवसा नाही. पन आता एक आयक. याच्यापुढं तू मेला म्हनून कोनी बी सांगाले आलं, तं मी उठनार नाही. मेला तं सोता येऊन सांग."

"मेल्यावर कसा सांगू, अक्का?"

"ते तुहं तू पाह. एवढी फौज सांभाळते ना?"

तो हसत गेला. तिनं शिदोरीतून वाढलेला भातही न खाता गेला, हे बुधरी मरेपर्यंत सांगत होती.

श्रावणात चौथ्यांदा बातमी आली. कोतवाल नदी ओलांडून धापा टाकत आला: तालुक्याला प्रेत ठेवलंय, ओळख पटवायला चला. बुधरी भात कांडत होती. तिनं मुसळ खाली ठेवलं नाही. "तीनदा उठली मी. आता तो येईन सांगाले," असं म्हणून ती कांडत राहिली. कोतवाल तीन दिवस थांबला, समजावून थकला. तिकडे तीन दिवस ते प्रेत वाट बघत पडलं, आणि कुणीच आलं नाही म्हणून बेवारस ठरवून नदीपलीकडे पुरलं गेलं. ती जागा आज कुणालाही दाखवता येत नाही.

पंडुमचा दिवस उजाडला. बुधरीनं रैनूचं पान उंबऱ्याशी मांडलं आणि सवयीनं दगडांकडे गेली. पहिल्याला हात लावला. हलला नाही. तिला वाटलं, पावसानं माती बसली असेल. दुसऱ्याला दोन्ही हात लावले, तिसऱ्याला खांदा दिला. तिन्ही दगड डोंगराच्या मुळासारखे घट्ट होते. तो येऊन सांगून गेला होता.

त्या दिवशी बुधरी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत त्या दगडांना शिव्या देत बसली. लहानपणी चोरून प्यायलेल्या गोरग्याच्या ताडीपासून सगळं काढलं. मधेच ती स्वतःलाही बोलली, की मुसळ खाली ठेवायला काय झालं होतं मला. तिचा आवाज दोन कोसांवर ऐकू गेला, असं म्हणतात, आणि हे मात्र खरं असावं. मग ती घरी आली, उंबऱ्याचं पान उचललं आणि काटेरी कुंपण हातानं बाजूला सारून देवेच्या दारात उभी राहिली.

"तो येनार होता," ती म्हणाली. "आला नाही. म्हनून मी आली. चुकलं म्हनत होता."

देवेनं तिच्या रक्ताळलेल्या हातांकडे बघितलं. मग तिनं मासाच्या नावाचं पान उचललं, आणि दोघी मिळून गावाबाहेर गेल्या.

नंतर रैनूच्या दलातल्या लोकांनी त्या दगडांपाशी त्याच्या आठवणीचा लाल स्तूप बांधला, पोलिसांनी तो पाडला, पुन्हा बांधला, पुन्हा पाडला. त्या बांधापाडीला गाव कंटाळलं आणि शेवटी त्या विटांनी विहिरीचा काठ बांधून घेतला. दगड तिन्ही आहेत. पंडुमला ताडगट्ट्यात आजही पहिलं पान मासाच्या दगडाशी जातं, आणि ते रैनूच्या भावकीतलं माणूस नेतं. मग रैनूच्या दगडांपाशी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याला घसा बसेपर्यंत बोलते. आणि कुणाच्याही मरणाची बातमी आली, ती कुणीही आणलेली असो, कितव्यांदाही आलेली असो, खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक असलं तरीही, हातातलं मुसळ खाली ठेवून ताडगट्ट्यातलं एक माणूस उठतं आणि बघायला जातं.